रंगूनवालीची शिवलेली कोंबडी

जगात जे काही चांगलं आहे ते रंगूनला आधीच होऊन गेलेलं आहे, असं ठामपणे मानणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. परभणीच्या जनान्या दवाखान्यात ती नर्सबाई होती आणि आम्हा मुलींना सुइणीचं काम शिकवायची. लढाईत रंगूनवर बाँब पडले तेव्हा ती विधवा बाई रानावनातून चालत इकडं आली होती. पण त्या चालण्याबद्दल ती एवढंच सांगे, की वाटेत जळवा फार होत्या आणि चहा वाईट होता. सगळे तिला रंगूनवाली म्हणत. ती, मी आणि चारठाण्याची अक्का अशा तिघी दवाखान्यामागच्या एका भाड्याच्या घरात राहायचो. अक्का माझ्याबरोबरच शिकायला होती. गळ्यात लिंग बांधणारी, आणि कुणी मटणाचं नुसतं नाव काढलं तरी नाकाला पदर लावणारी.

रंगूनवालीचं तोंड कधी बंद नसे. बाळंतिणीची नाडी मोजतानासुद्धा ती बोलायची, मग आकडा चुकायचा, मग पुन्हा पहिल्यापासून मोजायची. तेवढ्यात त्या बाईला रंगूनच्या बाजाराची सगळी हकिकत कळलेली असे. दुसरा तिचा छंद शिवण्याचा. फाटलेलं काहीही दिसलं की तिचे हात शिवशिवत. आमची वाकळ, शेजारणीची चोळी, पाण्याची पखाल, सगळ्यांना दवाखान्यातल्या गाठीनं टाके पडत. एकदा टांगेवाल्याचा लगाम तिनं रस्त्यातच शिवून दिला आणि सवयीनं म्हणाली, "आठ दिवसांनी दाखवायला आण." आठव्या दिवशी तो बिचारा घोड्यासकट दवाखान्याच्या दारात हजर!

मी मूळची वालूरची. लग्नानंतर वर्षातच कुंकू पुसलं गेलं, तेव्हा भावाच्या चुलीशी जन्म काढायचा हे ठरलेलंच होतं. कुणीतरी या शिक्षणाचं सांगितलं आणि अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कसंबसं पाठवलं. शिक्षणाचे चार महिने उरले असताना त्यांचं पत्र आलं. घरात पुरुषमाणूस नसताना पोरगी राहते म्हणून गावात लोक बोलायला लागले होते. रविवारी येतो, बोचकं बांधून ठेव, असं लिहिलं होतं. पत्र वाचून मी खरंच बोचकं बांधायला घेतलं. अण्णांसमोर माझ्या तोंडून कधी शब्द फुटला नव्हता. कुठल्याच पुरुषासमोर फुटत नसे.

"ठेव ते खाली," रंगूनवाली म्हणाली. "तू काही बोलू नकोस. मी बोलते. आधी त्यांना कोंबडी भाजून घालू. आमच्या रंगूनला चिन्यांच्या दुकानात आख्खी कोंबडी भाजून टांगलेली असते. ती खाल्ल्यावर माणूस कशालाच नाही म्हणत नाही."

"घरात न्हाई हं बाई," अक्का नाकाला पदर लावून म्हणाली. "परसात करा. अन् माज्या भांड्यास्नी हात लावू नगा."

रविवारी सकाळी कोंबडी मुलाण्याकडून कापून आणायचं काम माझ्याकडं आलं. "कातडीसकट, आख्खी," रंगूनवालीनं तीनदा बजावलं. पण मुलाणी चाच्यांना आख्खी कोंबडी कुणी मागितलेली ठाऊकच नव्हती. आमच्या भागात कोंबडी म्हणजे रस्सा. पिसं निघाली, त्यांचा सुरा वर गेला, मी तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं राहिलं. कातडीसकट आठ तुकडे झाले.

मी रडतच परत आले. रंगूनवालीनं तुकडे पाटावर मांडून पाहिले. मग सुई-दोरा उकळत्या पाण्यात टाकला. "तुझ्या गप्प बसण्यानं तुटली ना? मग तूच शिव. मी हात लावणार नाही."

मी शिवायला बसले. ती शेजारी बसून गूळ जाळून काळा करत होती. चिनी दुकानातलं काळं खारट पाणी परभणीत मिळत नव्हतं, म्हणून जळका गूळ, चिंचेचा कोळ आणि मीठ. त्यात आलं, लसूण, मिरी, तिळाचं तेल.

"हळद न्हाई?" अक्कानं लांबून विचारलं. "काळा मसाला न्हाई? मंग ते शिजलं कसं म्हनायचं?"

"तू खाणार आहेस का?"

"शिव शिव! म्या आपलं इचारायलेय."

शिवलेल्या कोंबडीला ते सगळं चोळलं, ती विटांवर ठेवून वर मडकं पालथं घातलं आणि भोवती गोवऱ्या पेटवल्या. दुपारी मडकं उचललं तर कोंबडी तांबूस, चकचकीत आणि एकसंध! फक्त अंगभर टाके, जणू मोठ्या दुखण्यातून उठलेली.

अण्णा आले, हातपाय धुऊन पाटावर बसले. रंगूनवाली स्वतःचं ताट घेऊन सरळ त्यांच्यासमोर बसली. आमच्यात बायका पुरुषांच्या पंगतीला बसत नाहीत. अण्णांनी मान खाली घातली, आणि खाली तर ती कोंबडी.

"ही कुनी शिवली?"

आता रंगूनवाली सुरू होणार म्हणून मी निर्धास्त होते. पण तिनं नुकताच पहिला घास घेतला होता. तिचा जबडा थांबला. डोळे कुठं तरी लांब लागले. दहा माणसांचं बोलणारी ती बाई, तिच्या तोंडून शब्द निघेना. अण्णा वाट पाहत होते. दाराआडून अक्का मला हातवारे करत होती.

"म्या," मी म्हणाले.

"तू?"

"व्हय. बाळंतपणात बाईचं अंग फाटतं, तवा असंच शिवत्यात." बापासमोर असलं बोलायची लाज वाटत होती, पण तोंड थांबेना. "वयनीला असं शिवाया कुनी असतं, तर ती सा महिने हातरुणाला खिळली नसती. अण्णा, चार महिने ऱ्हायलेत. म्या येत न्हाई."

अण्णांनी तंगडी तोडली. टाक्याचा दोरा सावकाश ओढून काढला, बोटाला गुंडाळून ताणून पाहिला. "पक्का हाय," म्हणाले. मग दुसरी तंगडीही संपवली. हात धुताना म्हणाले, "तुज्या आईला म्या सांगतो. पर ह्या कोंबडीचं न्हाई सांगत. तिला पटायचं न्हाई." आणि संध्याकाळच्या गाडीनं एकटेच गेले.

उरलेल्या चार महिन्यांचं शिक्षण पुरं झालं. पुढं माझ्या हातावर किती लेकरं जन्मली याचा हिशोब मी ठेवला नाही. लढाई संपल्यावर रंगूनवालीचा भाऊ तिला नागपूरला घेऊन गेला. त्या कोंबडीच्या दिवशी ती गप्प झाली ती रंगूनची चव जिभेवर आली म्हणून, की मी बोलावं म्हणून मुद्दाम, हे तिला विचारायचं मी मनाशी ठरवलं होतं. पण टांगा वळणाआड जाईपर्यंत ती बोलतच होती. मला मधे फटच सापडली नाही.