विणीतला की धुण्यातला

मामाबद्दल गल्लीत एक गोष्ट ठरून गेलेली आहे. समोरच्या काकू ती नाकातून सांगतात, "बहिणीनेच पाडला हो जिन्यावरून! तेव्हापासून वरचा मजला रिकामा!" ती बहीण म्हणजे माझी आई. तेव्हा ती सहा वर्षांची होती.

खरं असं, की तान्हा मामा तिच्या हातून दुसऱ्याच पायरीवरून पडला आणि रडलासुद्धा नाही. पण पुढे तो बोलला उशिरा, वाचायला शिकलाच नाही, घड्याळही त्याला कळेना. मग आईने ती पायरी चाळीस वर्षं उरावर वागवली. मामा बोलताना भिंतीकडे बघतो आणि वाक्याचं शेपूट दोनदा बोलतो: "दमलो मी आज. आज." त्याची नक्कल मी हुबेहूब करते. सगळ्यात जास्त तोच हसतो.

मामा इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत आहे. चादरीला भोक दिसलं की मालक ती त्याच्यापुढे टाकतो. मामा ती उजेडात धरतो, भोकाच्या कडेने अंगठा फिरवतो आणि निकाल देतो. "विणीतला" म्हणजे दोष कापडासोबतच आला. "धुण्यातला" म्हणजे आपल्या हातून झाला. त्यावर मालकसुद्धा ब्र काढत नाही.

यंदा माझ्या ताईला दिवस गेले. तिसऱ्या महिन्यात डॉक्टरबाईंनी सहज विचारलं, "घरात कुणाला शिकायला जड गेलं होतं का?"

आईचा चेहरा पांढराफटक पडला. "माझा भाऊ. माझ्या हातून पडला तो."

बाईंनी मामाला बोलावून घेतलं, नीट तपासलं. म्हणाल्या, "हे पडण्याचं नाही वाटत. एक दुर्मिळ आजार असतो. जनुकात चूक असते, ती आईकडून मुलांत येते. बायकांमध्ये ती बहुतेक वेळा लपून राहते, मुलग्यांत उघडी पडते. तुमच्या मुलीकडे आली असेल, तर तिच्या मुलग्याला होण्याची शक्यता निम्मी. पण आधी मामांचं रक्त हवं. चूक नेमकी कुठे आहे ते कळल्याशिवाय हिच्यात काय शोधणार?"

"म्हणजे पाडलं नाही," आई म्हणाली, "पण पोरींना देऊन बसले?" तिने ताईच्या पोटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

मामा भिंतीला म्हणाला, "विणीतला. धुण्यातला नाही, अक्का. नाही."

आई ढसाढसा रडली. पण रक्ताचं काय? मामाचं आणि सुईचं साप-मुंगसाचं नातं. मागच्या खेपेला तो कपाटामागे शिरला होता आणि दोघांनी ओढूनही निघाला नव्हता.

बाहेर बाकावर ताईने माझा हात इतका आवळला, की बोटं दुखायला लागली. भीतीने मला वाचा फुटते. "पैज मामा, तू पळणार. पळणार."

"नाही पळणार. लाव पैज. लाव."

"आणि मी हरले तर?"

"नक्कल बंद. रिपोर्ट येईपर्यंत. येईपर्यंत."

नाव पुकारलं. नर्सने दंडाला रबर बांधलं, तसे मामाचे पंजे फडफडायला लागले. तो अर्धा उठला. जिंकले मी, आणि जिंकायचं तर नव्हतंच.

"हे बाळासाठी?" त्याने भिंतीला विचारलं. "बाळासाठी?"

"हो रे मामा," ताई म्हणाली.

मामा खाली बसला. त्याने सदऱ्याची कॉलर दातात धरली, मान पार पाठीमागे वळवली आणि हात पुढे केला. "घे. घे."

रिपोर्टला चार आठवडे लागणार आहेत. अजून दहाच दिवस झालेत. फोन वाजला की आई हातातलं काम टाकते, ताई पोटावर हात ठेवते आणि उचलायला कुणीच पुढे होत नाही. हसवावं म्हणून मी तोंड उघडते, तर मामा भिंतीला सांगतो, "हरली ती. हरली."