पंजाबरावांची बीबी

पंजाबराव फौजेतून आले ते तिकडं दुसरी बायको ठेवून, ही बातमी आमच्या गावात चहाला उकळी फुटायच्या आत घरोघरी पोचली. तिचं नाव म्हणे बीबी. रंगानं गोरी, डोळे निळे, पदरात दोन लेकरं. निळे डोळे मी घातले. लेकरं शेजारच्या वच्छलाबाईंनी जोडली.

आता खरं सांगतो, कारण पंजाबरावांच्या भिंतीला माझी भिंत आहे आणि त्यांच्या बायकोच्या, तानाबाईंच्या शिव्या अर्ध्या माझ्याच घरात पडतात. बीबी ही बाई नाही. बीबी हे आमचं गाव. सुलतानपूरहून पुढं या, लागतंच. एस.टी.चा कंडक्टर ‘बीबीवाले उतरा’ म्हणाला की परगावचे हसतात, आम्ही उतरतो.

पण फौजेच्या कागदाला हे कोण सांगणार?

पंचावन्न साली पंजाबराव अकोल्याला भरतीच्या रांगेत उभे राहिले. टेबलाशी परमुलखातला कारकून.

“नाम?”

“पंजाब.”

“नाम पूछा है, सूबा नहीं.”

“नावच पंजाब हाय, साहेब.”

“शादी हुई?”

“हो जी.”

“गाँव?”

“बीबी.”

“अरे, बीबी है, समझ गया. गाँव बोल!”

“बीबीच, साहेब!”

मागं रांग वाढत होती. कारकुनानं बायकोच्या रकान्यात ‘बीबी’ लिहिलं, तालुका विचारला आणि गावाच्या रकान्यात ‘मेहकर’ ठोकून दिलं. कागद इंग्रजी. आमचा चौथी पास गडी खाली झोकदार सही करून मोकळा झाला.

पुढं पंधरा वर्षं नोकरी. मी किती वेळा विचारलं, “फौजी, लढाईचं सांगा ना काही.” त्यावर एकच उत्तर, “खड्डे खंदले. एक झाला की दुसरा.” बासष्ट साली बर्फात कापडी जोडे घालून उभे होते, डाव्या पायाची दोन बोटं तिकडंच राहिली. मी हॉटेलात सांगताना ती चार करतो. घरचा माणूस आहे, दोन बोटांनी भागत नाही.

एक गोष्ट मात्र मी हॉटेलात सांगत नाही. त्यांचा बाप वारला तेव्हा तार गेली. सुट्टी मागायला हे सुभेदारापुढं उभे राहिले.

“किधर जाना है?”

“बीबी, साब.”

“वो तो सबको जाना है!”

सगळी कंपनी हसली. हसू आवरून, तार वाचून, नकाशात गाव शोधून सुट्टी मिळेस्तोवर आठ दिवस गेले. हे घरी पोचले तेव्हा बापाची खाटसुद्धा कोणीतरी मागून नेली होती. हे मला तानाबाईंनी सांगितलं. पंजाबराव त्याबद्दल बोलत नाहीत.

सत्तर साली ते पेन्शन घेऊन परतले. त्याच सुमारास सरकारनं गावची चार एकर ई-क्लासची, म्हणजे सरकारी मालकीची पड जमीन माजी सैनिकाला द्यायचं काढलं. अट एवढीच, माणूस याच गावचा पाहिजे. पंजाबरावांच्या घराण्यात आजवर जमीन कोणाच्या नावावर नव्हती. बाप आणि आजा दुसऱ्याच्याच वावरात राबले. अर्ज टाकायच्या आधीच गडी त्या पडीवर जाऊन दगड वेचायला लागला. वेचून थांबला असता तर ठीक. त्यानं दगड सुतात लावले आणि छावणीत लावतात तसा त्यांना चुना लावला. चार एकर कुसळं आणि भोवती पांढरीशुभ्र दगडांची परेड! अख्खं गाव बघायला गेलं. मी सलामी देऊन आलो.

मग मेहकरची कचेरी. सोबत मी होतो, म्हणून तर बातमी फुटली. बाबूनं फौजेचा कागद उलटापालटा केला.

“तुम्ही तर मेहकरचे. जमीन बीबीची.”

“म्याबी बीबीचाच, साहेब.”

“बीबी तर इथं बायको लिहिलीय. आणि अर्जात तानाबाई. दोन-दोन?”

मी हसलो. नसतो हसलो तर बरं झालं असतं. संध्याकाळी तानाबाई दारात लाटणं घेऊन उभ्या. “कोन हाय ते बीबी?”

“ज्या गावात तू उभी हायेस ना, ते!”

बाबू म्हणाला, फौजेकडून दुरुस्ती आणा. पंजाबरावांनी अर्ज धाडला. सरपंच उकंडरावांनी त्याला दाखला जोडला, ‘बीबी हे गाव असून ते पूर्वीपासून आहे.’ पाच महिने काही नाही. रोज पोस्टमनच्या सायकलची घंटी वाजली की गडी सावधानमध्ये. मेहकरच्या नऊ खेपा झाल्या. दर खेपेला बाबू म्हणे, “आलं का?” आणि हे म्हणत, “येऊन राह्यलं.”

सहाव्या महिन्यात आलं. शाळेच्या हेडमास्तरांनी वाचलं, आधी मनात, मग चष्मा पुसून मोठ्यानं. पत्नीचं नाव बदलायचं असल्यास पहिली पत्नी बीबी हिच्या मृत्यूचा दाखला किंवा सोडचिठ्ठीचा कागद जोडावा.

जमिनीसाठी कागद द्यायची मुदत त्याच्या आदल्या आठवड्यात संपली होती. ज्याच्या कागदावर बायकोच्या जागी बायको आणि गावाच्या जागी गाव होतं, असा पलीकडच्या आळीतला एक माजी सैनिक होता, चार एकर त्याला गेले. त्यानं पहिल्याच दिवशी ते पांढरे दगड उचलून आपल्या घरच्या विहिरीच्या कडेला रचले. चुना चांगला होता म्हणाला.

त्या दिवशी पंजाबराव ओट्यावर बसले होते, पत्र मांडीवर. मला राहवलं नाही. भिंतीवरून डोकावून म्हटलं, “फौजी, एवढं काय त्यात? देऊन टाका बीबीले सोडचिठ्ठी!”

त्यांनी पत्राची घडी घातली. फौजेतली, चारी कोपरे जुळवून.

“पंधरा वर्सं सोडूनच गेल्तो बे मी बीबीले. वापस आलो, तेच चुकलं.”