तिचे सोमवार सोडताना

माझा महादेवावर राग होता. खोटं कशाला लिहू. माझा खुबा मोडला तेव्हा मी परत चालावं म्हणून बायकोने तापीकाठच्या प्रकाशा गावच्या महादेवाला पाच श्रावणांच्या सोमवारांचा नवस बोलला होता. चार श्रावण झाले, मी चालायला लागलो, आणि यंदा होळीनंतर तीच गेली. पाचवा श्रावण आला तेव्हा मी सुनेला सांगितलं, हे सोमवार मी धरतो. भक्ती होती म्हणून नाही. हातात घेतलेलं काम अर्धं टाकलेलं तिला चालत नसे, म्हणून.

पहिल्या सोमवारी पाणीसुद्धा घेतलं नाही. दिवेलागणीला हात जोडले आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, उडदाचं वरण, ठेचा, असं दाबून जेवलो, वर चहा प्यालो. तासाभरात सगळं उलटून पडलं, पोटात मुरडा, अंगाला घाम. शहाद्याला सलाईन लावावी लागली. डॉक्टर म्हणाला, बाबा, शुगर-बीपी ठीक आहे, उपास करा, पण दिवसभर पाणी पीत जा आणि सोडताना हळूहळू घ्या. हळूहळू म्हणजे कसं, हे विचारायच्या आत पुढचा पेशंट येऊन बसला. घरी सुनेने सरळ सांगितलं, "नाना, आखो एकदाव असं व्हयनं तं सोमवार बंद. लोके माले बोलतीन." तिचंही बरोबर होतं. आणखी एकदा चुकलो असतो तर नवस तिथेच मोडला असता.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात फिरायला लागली. बायको उपास सोडायची तरी कशी? आमच्याकडे आधी पुरुष जेवतात. सोमवारी ती दुपारी एसटीने प्रकाशाला जाऊन यायची, संध्याकाळी मला वाढायची, मी हात धुऊन ओट्यावर जायचो, मग ती आत एकटी बसायची. इतकी वर्षं संसार केला, पण उपासाच्या दिवशी तिच्या ताटात काय असतं हे मी कधी पाहिलं नाही. सून म्हणाली, आई चुलीकडे तोंड करून बसत. शेजारणींना विचारलं, तर एक म्हणे साबुदाणा, एक म्हणे भगर. म्हातारा घरोघर फिरून बायको काय खायची ते विचारतो, म्हणून बाया हसल्या. हसू दे. मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या सोमवारी दिवसभर पाणी पीत राहिलो आणि दुपारच्या एसटीने प्रकाशाला गेलो. पिंडीपुढे स्पष्ट बोललो, उपास तुझा आहे, सोडायचा कसा ते तूच सांग. संध्याकाळी तापीच्या घाटावर बसून सुनेने दिलेला डबा उघडला. साबुदाण्याची खिचडी होती, दाण्याचा कूट आणि मिरची भरपूर. मोठा घास उचलला, तोच शेजारी बसलेली एक अनोळखी म्हातारी बोलली, "दादा, दिनभर उपाशी ना तू? मंग इतली घाई कसानी?"

"भूक लागनी शे, आखो काय," मी म्हणालो.

"आदमीस्ले उपास धराना समजस, सोडाना नही." असं म्हणून ती स्वतःच हसली.

तिने माझा डबा झाकला. तिच्या बाटलीत लिंबू, साखर आणि चिमूटभर मीठ घातलेलं पाणी होतं. ते घोट घोट प्यायला लावलं आणि गप्प बसवलं. मग अर्धं केळं, चावून चावून. आरती संपल्यावर तिच्या डब्यातली मुगाची मऊ खिचडी, चार-पाच घास. मी का, का विचारत राहिलो. मिरची का नको, चहा का नको? ती म्हणाली, "रिकामं पोट शे, दुखी जास. बाळंतीनले देतस तसं हलकं खावानं. बाकीनं सकायले." पहिल्या सोमवारी मला कसं उलटलं ते सांगितलं, आणि एवढं तिला कोणी शिकवलं, तेही विचारलं.

"माले बी तुन्हामायकच उलटाये. मंग कळसाडीनी एक बाई सोमवारनी आठे इये, तिनी सांगं. औंदा दखायनी नही."

सोमवारी इथे येणारी, यंदा न दिसलेली कळसाडीची बाई. माझं गाव कळसाडी. तोंडातला घास तोंडातच राहिला. पण कळसाडीच्या पुष्कळ बाया प्रकाशाला जातात. उरलेले घास चावून चावून संपवले. त्या दिवशी पोट दुखलं नाही, आणि पुढचे सोमवारही तसेच सुटले.

शेवटच्या सोमवारी मीच मुगाची खिचडी शिजवून नेली. जरा करपली होती. म्हातारी घाटावर होती. तेव्हा तिला सांगितलं, मीही कळसाडीचा, माझी घरवाली होळीनंतर गेली. त्या बाईचं नाव काय होतं?

ती म्हणाली, "नाव कोन इचारस, दादा? आम्ही एकमेकीस्ले मायच म्हनूत." मग तिने माझ्या डब्यातला करपलेला घास घेतला, आणि मी खिचडीला हात लावण्याआधी लिंबाच्या पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली.

मी सगळं विचारत सुटणारा माणूस, पण त्यापुढे काही विचारलं नाही. नवस पुरा झाला होता. शिकवणारी माझी बायको असेल किंवा नसेल. जिने हात धरून मला जेवायला शिकवलं, तिला देवानेच तिथे बसवलं होतं, असं मी धरून चालतो. पाण्याचा पहिला घोट घेतला आणि महादेवाला म्हटलं, तू देशील तसं, तू देशील तेवढं.