दीनाताईचा मलिद्याचा डबा

एका स्टीलच्या डब्यानं माझ्या संसाराची वाट लावली आहे.

डच किचनमधली कपाटं सपाट बशांसाठी केलेली असतात. त्यात आपला उभा, कडीचा डबा ठेवला की दार दोन बोटं उघडं राहतं. त्या दारावर मी वर्षानुवर्षं डोकं आपटतोय. बायकोनं तोंडी तक्रार केली, लेकीनं डचमधून निषेध नोंदवला.

डबा हलला नाही. कारण तो दीनाताईचा होता.

आणि दीनाताई परवा गेली.

इथं डीमन या डच उपनगरात ती आमच्या वरच्या मजल्यावर राहायची. आम्ही पुण्याहून नवे नवे आलेलो. तिच्या दारावरची पाटी वाचली. आडनावाच्या शेवटी ‘कर’.

आम्हा पुणेकरांना तेवढं पुरतं.

बायकोनं तिला हळदीकुंकवाला बोलावलं. आणि मी, जात थेट विचारायची नाही इतका सुसंस्कृत असल्यामुळे, कुलदैवत विचारलं.

“एलियाहू,” ती म्हणाली, आणि तिळाचा लाडू तोंडात टाकला.

दीनाताई अलिबागकडची बेने इस्राएल. म्हणजे आपली मराठी ज्यू; एलियाहू हा त्यांचा संदेष्टा. नवरा डच, पण माहेरचं आडनाव तिनं सोडलं नव्हतं. तो गेल्यावर तिचं घर म्हणजे डाव्या पक्षाची इथली शाखा. शाखेच्या हॉलमधल्या खुर्च्यासुद्धा तिनं स्वतः रंगवलेल्या.

इस्रायलनं पॅलेस्टिनी लोकांच्या जमिनीवर केलेल्या कब्जाविरुद्ध शाखेचा प्रत्येक ठराव तीच लिहायची. त्यावरून उत्तर इस्रायलमध्ये राहणारा तिचा सख्खा भाऊ फोन आपटायचा.

मग २००६चा उन्हाळा आला. लेबनॉनवर बॉम्ब पडत होते. भाऊ रॉकेटच्या भीतीनं झोपत नव्हता आणि ताई दोन्हीकडच्या बातम्यांनी.

शाखेची सभा होती. माझं डच सुधारावं म्हणून ती मलाही न्यायची. मी कॉफीसाठी जायचो.

त्या दिवशी तिच्या मांडीवर हा डबा होता. आत मलिदा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, बेदाणे. त्यांच्यात देवाचे आभार मानायला हा करतात आणि सगळ्यांना वाटतात. नवऱ्याच्या आजारपणात शाखेनं तिला धरून ठेवलं होतं. सेक्रेटरी हेंक तर तिला आपल्या गाडीनं हॉस्पिटलला न्यायचा-आणायचा. ते आभार राहिले होते.

भिंतीवर एक नवं चित्र लागलेलं. आकड्यासारख्या नाकाचा माणूस, टोपीवर ज्यूंचा सहा टोकांचा तारा, पृथ्वीला मिठी मारून बसलाय. खिशांतून नाणी सांडतायत.

हे काढा, ती म्हणाली.

हेंकनं तिला शांतपणे समजावलं, की इस्रायलवर टीका म्हणजे ज्यूद्वेष नव्हे.

हे वाक्य त्याला तिनंच शिकवलं होतं.

“यात इस्रायल कुठंय, हेंक?” तिनं विचारलं. “हे तर माझे आजोबा आहेत. तेलाचा घाणा चालवायचे. जग ताब्यात घ्यायला त्यांना सवड कुठली?”

कुणी हसलं नाही. मागून एक जण उठला. म्हणाला, दीनानं आधी इस्रायलचा निषेध करावा, मग चित्राबद्दल बोलावं.

हेंक स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला.

“इतकी वर्षं मी न मागता बोलले,” ती म्हणाली. “आज दारात तिकीट मागावं तसं मागताय. आज नाही बोलणार.”

आणि डबा न उघडता उचलला.

ट्रॅममध्ये तो माझ्या मांडीवर ठेवला. “घरी ने. तुझ्या लेकीला दे. मला बघवत नाहीये.”

पुढच्याच आठवड्यात ती युद्धाविरुद्धच्या मोर्चात चालली. पक्षाच्या बॅनरखाली नाही. हातात स्वतःचा पुठ्ठा.

थोड्याच दिवसांनी आमच्या मराठी मंडळाचा गणपती. स्लोटरडाइकला आयटीत असलेल्या एका गृहस्थांनी कौतुकानं तिचा हात हातात घेतला. “ताई, तुमच्या लोकांनी काय हाणलं हो त्यांना!”

“माझे लोक अलिबागला एसटीची वाट बघतायत,” ती म्हणाली, आणि मोदक खाल्ला.

न केलेल्या गोष्टीसाठी एकीकडे जाब, दुसरीकडे अभिनंदन. मी हसलो. ती नाही हसली.

भाऊ फोनवर म्हणत होता, आता तरी सोड ती माणसं. मीही तेच म्हणालो.

“मी गेले तर दोघं खूश होतील,” ती म्हणाली. “माझा भाऊ, आणि ते चित्र काढणारा. मग मी का जाऊ? खुर्च्या मी रंगवल्यात.”

नाही गेली. प्रत्येक सभेला जाऊन आपल्या खुर्चीवर बसायची. शेजारची खुर्ची बहुतेक वेळा रिकामी. मी असलो की मी.

चित्र पुढे निघालं.
भिंतीला रंग द्यायचा होता म्हणून.
सॉरी कुणी म्हणालं नाही. मलिदा तिनं पुन्हा केला नाही.

मधे मी डबा परत द्यायला गेलो होतो. रिकामा कसा द्यायचा, म्हणून आत दुकानातला चिवडा. तिनं चिवडा बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि झाकण लावलं. “मलिदा करून आण. तेव्हा घेईन.”

मला कुठला येतोय मलिदा.

आज सकाळी केला. पोहे जरा जास्त भिजले. खोबरं फ्रोजन. ताईनं नावं ठेवली असती, आणि मला ती ऐकायची होती.

डबा घेऊन वर गेलो. तिची मुलगी दारात आली. तिला मराठी कळतं, उत्तर डचमधून देते. आत खिडकीपाशी एक म्हातारा टोपी मांडीवर घेऊन बसलेला.

हेंक.

मुलीनं झाकण उघडलं. वेलचीचा वास आला आणि ती तिथंच उभी राहिली.

मी वाटीत थोडा मलिदा घेतला आणि हेंकसमोर धरला. हे काय, त्यानं विचारलं.

माझं डच अजूनही कॉफीपुरतंच आहे. पण एवढं जमलं.

“तुमच्या शाखेसाठी आहे. दीनानं केला होता, त्या सभेच्या दिवशी. पोचायला उशीर झाला.”

त्यानं वाटी घेतली. टोपी बाजूला ठेवली. मग खाल्ला, सगळा.

डबा वरच ठेवून खाली आलो. कपाटाचं दार लावून बघितलं.

पूर्ण लागलं.

दीनाताई, डबा पोचला गं.