दोनशे वर्षांपूर्वीच्या गावचे शरदकाका

प्लास्टिकच्या कचऱ्याचा वार होता. पारदर्शक पिशवी हातात घेऊन मी जिना उतरत होते, तेवढ्यात सुलभाकाकूंचा फोन आला. "मेघना, हे गेले गं. पहाटे... झोपेतच." मी पायरीवरच बसले. पलीकडून नाक पुसल्याचा आवाज आला आणि मग काकूंचा नेहमीचा, माणसाला कामाला लावणारा स्वर : "आणि ऐक, संध्याकाळी येताना तुझ्या विणायच्या सुया आण. माणसं भेटायला येतील. नुसती हात बांधून बसलेली माणसं ह्यांना चालायची नाहीत."

त्या संध्याकाळी जपानमधल्या त्सुकुबा शहरातल्या त्या छोट्या घरात जे दृश्य दिसलं, ते शरदकाकांनी पाहिलं असतं तर मांडीवर थाप मारून हसले असते. काळा सूट, काळा टाय घातलेले त्यांचे संस्थेतले जुने सहकारी ओळीनं गुडघ्यांवर बसलेले, आणि प्रत्येकाच्या हातात काकूंनी दिलेला लोकरीचा गुंडा. ज्यांना विणता येत नव्हतं ते गुंता सोडवत होते. रडायला कोणाला फुरसतच मिळाली नाही. मधूनच कोणीतरी काकांची एखादी गंमत सांगे, खोली हसे, पुन्हा सुया चालू.

काका माझे नात्यातले कोणी नव्हते. मूळचे साताऱ्याचे, पेशानं भूगर्भशास्त्रज्ञ, इथल्याच एका संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले. माझ्या नवऱ्याच्या, महेशच्या पोस्टडॉकसाठी आम्ही पुण्याहून इथे आलो, त्याच वर्षी ते मला भेटले. टोकियोहून त्सुकुबाला येणाऱ्या गाडीत माझी लेक ईरा खिडकीशी बसून माझ्या प्रत्येक प्रश्नाला जपानीत उत्तर देत होती आणि मी दबक्या आवाजात तिला मराठीत झापत होते. समोर एक उंच, पांढऱ्या केसांचे गृहस्थ करड्या रंगाचा मोजा विणत होते. मान वर न करता ते म्हणाले, "पोरीला गाईच्या पायातले बूट ठाऊक आहेत का?" मी चमकलेच. त्यांनी मोजा खाली ठेवला आणि ईराला सांगितलं, की फार पूर्वी वेल्स नावाच्या डोंगराळ देशातले लोक आपली गुरं चालवत चालवत थेट लंडनच्या बाजारापर्यंत न्यायचे. वाटेत खूर झिजू नयेत म्हणून गुरांना लोखंडी नाल ठोकायचे. आणि बदकांचा तांडा असला तर? बदकांना आधी पातळ डांबरातून चालवायचे, मग वाळूतून, की झाले बूट तयार! ईरा ओरडली, "उसो!" म्हणजे, खोटं! "खोटं असेल तर तूच सांग, बदकाला बूट कसे घालायचे," काका शांतपणे म्हणाले आणि पुन्हा विणायला लागले. स्टेशन आलं तेव्हा ते विणत विणतच उतरले, विणत विणतच फाटकातून बाहेर पडले. लोक वळून बघत होते. ह्यांना पत्ता नव्हता.

तरुणपणी शिष्यवृत्ती मिळवून ते पाटीच्या दगडाचा अभ्यास करायला उत्तर वेल्समध्ये गेले होते. जिच्याकडे भाड्यानं राहिले ती म्हातारी त्यांना विणायला शिकवता शिकवता आपल्या पणजीच्या आजीच्या गोष्टी सांगायची. दगड राहिला पोटापाण्यापुरता, जीव जडला तो त्या गोष्टींवर. काकांचा वेल्स म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, आगगाडी यायच्या आधीचा. त्या काळाबद्दल मिळेल ते त्यांनी वाचलं होतं आणि ते त्याबद्दल आपल्या गावाबद्दल बोलावं तसं बोलत. मी एकदा विचारलं, "काका, परत का नाही गेलात कधी?" तर म्हणाले, "आता माझ्या ओळखीचं तिथं कोण उरलंय? सगळी मंडळी दोनशे वर्षांपूर्वीच गेली." तिथल्या कडक धर्मोपदेशकांनी नाचगाणं पाप ठरवलं आणि कित्येक घरांतली हार्प नावाची तंतुवाद्यं मुकी झाली, हे सांगताना तर त्यांचा आवाज चढायचा. काकू स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "अहो, ते उपदेशक कधीच मेलेत. जेवून घ्या."

त्यांच्या घरी हिवाळ्यात दर शनिवारी दुपारी जे जमायचं, तेही तिकडूनच आलेलं. डोंगरातली गरीब माणसं हिवाळ्यात आळीपाळीनं एकाच घरी जमत. एकच चूल पेटवायची, एकच दिवा लावायचा, बाकीच्यांचं सरपण आणि मेणबत्त्या वाचल्या. शेतकरी, गडी, बाया, पोरं, सगळी मोजे विणत बसत. कोणी हार्प वाजवी, कोणी भुताची गोष्ट सांगे. "इथली घरं तशीच थंड की नाही? मग!" काका म्हणत. आम्ही सगळे कोतात्सूत, म्हणजे खाली हीटर आणि वर रजई असलेल्या त्या बुटक्या टेबलाखाली पाय घालून बसायचो. नियम एकच : जो विणेल त्यानं गप्प बसलं तरी चालेल, जो विणणार नाही त्यानं गोष्ट सांगायची. पुण्या-मुंबईकडचे आमचे इंजिनिअर पहिल्यांदा अवघडत. दुसऱ्या शनिवारी घरून गोष्ट तयार करून येत. महेशला विणता येत नाही आणि गोष्टही सांगता येत नाही. त्यानं सहा शनिवार आम्हाला शाळेतली तीच एक फजिती ऐकवली.

ईरा तेवढी कोपऱ्यात जपानी पुस्तक घेऊन बसे. मराठी तिला सगळं कळायचं, पण तोंडातून येत नव्हतं. पुण्याला माझ्या आईशी व्हिडिओ कॉल लावला की ती हात हलवून पळायची. आई फोनवर म्हणायची, "असू दे, दिसली ना... बास." त्या 'बास'नं मला कसंसंच व्हायचं. एका शनिवारी मी वैतागून काकांना म्हटलं, "आता घरात नियमच करते. जपानी शब्द निघाला की त्या दिवशी गोड बंद." काकांच्या सुया थांबल्या. "तिकडे काही शाळांत हेच करायचे," ते म्हणाले. "पोर आपल्या भाषेत बोललं की गळ्यात लाकडाची पट्टी. मग दुसरं कोणी बोललं की पट्टी त्याच्या गळ्यात. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात पट्टी, त्याला छडी. इंग्रजी शिकवायला म्हणून." मी म्हटलं, "पण मी तर आपलीच भाषा..." "पट्टी कुठल्या भाषेची आहे हे गळ्याला कळतं का गं?" एवढंच म्हणाले आणि टाके मोजायला लागले.

मी नियम केला नाही. पण काका काही स्वस्थ बसणाऱ्यातले नव्हते.

नव्या वर्षाच्या सुट्टीत संध्याकाळी आमच्या दारावर थाप पडली. भोकातून पाहिलं तर बाहेर घोड्याचं भलंमोठं डोकं! पुठ्ठ्याचं, कपडे वाळत घालायच्या दांडीवर बसवलेलं. चहाच्या बाटल्यांच्या बुडांचे डोळे, रंगीत फितींची आयाळ, आणि खाली पांढऱ्या चादरीत शिरलेले काका. बाजूला काकू, चेहऱ्यावर 'माझा ह्यात काही संबंध नाही' असा भाव. काकांनी आतूनच ओरडून नियम सांगितले. दक्षिण वेल्समध्ये नाताळापासून पुढे काही दिवस अशी घोडीची कवटी नाचवत दारोदार न्यायचे. बाहेरच्यांनी पद्यात आत येऊ द्या म्हणायचं, आतल्यांनी पद्यातच नाही म्हणायचं. आतल्यांना उत्तर सुचेनासं झालं की दार उघडायचं आणि खायला घालायचं. "आणि ज्या भाषेत सवाल, त्याच भाषेत जवाब!" मग घसा खाकरून :

"दार उघडा मंडळी, घोडी आली दारी,
थंडीनं कुडकुडते, भुकेली बिचारी!"

मी कशीबशी जुळवाजुळव केली :

"घोडीबाई, घोडीबाई, इथं नाही चारा,
पुढच्या घरी जाऊन बघा, मिळतो का थारा!"

"चारा नको, पाला नको, पुरणपोळी वाढा,
नाहीतर दारापुढे घालून बसीन वेढा!"

झालं. मी आणि महेश एकमेकांकडे बघत राहिलो. काही सुचेना. बाहेर घोडी जबडा आपटायला लागली, काका विजयाचे आकडे मोजायला लागले. ईराला हरणं अजिबात सहन होत नाही. ती दाराला नाक लावून उभी होती. एकदम किंचाळली :

"पुरणपोळी नाही, फ्रीज आहे रिकामा,
घोडी तू घरी जा, झोपली आहे मामा!"

आमच्या घरात मामा नव्हताच, आणि असता तरी 'झोपली' नसता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात महेशनं माझा हात दाबला. बाहेरून काकांचा आवाज आला :

"मामा झोपली तर झोपू दे, मामी करील चहा,
आत आल्याशिवाय घोडी जाणार नाही, पहा!"

तिची चूक त्यांनी जशीच्या तशी उचलली होती. ईराचे डोळे चमकले. "मामी गेली ओसाकाला, बंद आहे गॅस! घोडी तुझा मोठा तोंड, करू नको त्रास!" काका पुढे, ईरा पुढे, दोघं थांबायलाच तयार नाहीत. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. खालच्या मजल्यावरच्या मोरीसान! एकट्या राहणाऱ्या, आवाजाबद्दल अतिशय काटेकोर. आता तक्रार होणार म्हणून मी दार उघडलं. मोरीसाननी घोडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चक्क कमरेत वाकून आपलं डोकं घोडीच्या तोंडापुढे केलं. इथे नव्या वर्षात नाचणाऱ्या सिंहाच्या मुखवट्यानं डोकं चावलं की वर्ष चांगलं जातं, असं मानतात. काकांनी अगदी अलगद जबडा मिटला. मोरीसान सरळ झाल्या तेव्हा हसत होत्या. "कित्येक वर्षांत कोणी चावलं नव्हतं," त्या म्हणाल्या, आणि मग आमच्याबरोबर पोहे खायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंथरुणातच होते. बैठकीच्या खोलीतून ईराचा आवाज आला. तिनं आपणहून पुण्याला फोन लावला होता. "आजी, 'घोडी'ला काय जुळतं? लवकर सांग, काका परत येणार." आणि आईचा, आनंदानं अडखळणारा आवाज : "थोडी... गोडी... खोडी... थांब हं, अजून आहेत, फोन ठेवू नकोस!" मी पांघरुणात तोंड खुपसून खूप रडले, आणि मग हसलेही. ईराची मामा अजूनही अधूनमधून झोपते. आई तिला उठवत नाही.

मागच्या रविवारी काकूंनी आम्हाला न्याहारीला बोलावलं. स्वयंपाकघरात शिरले तर काहीतरी काळंकुट्ट रटरटत होतं. बाजारातलं ताजं नोरी, म्हणजे समुद्रातलं शेवाळ. वेल्सच्या किनाऱ्यावरच्या बायका ते खडकांवरून खरवडून आणायच्या, शिजवून त्याचा लगदा करायच्या आणि ओटच्या पिठात घोळवून तव्यावर भाजायच्या. काका दर रविवारी स्वतः हे करत. त्या तीन-चार तासांत स्वयंपाकघर त्यांचं असे आणि काकू नाक धरून बागेत बसत. लग्न झाल्यापासून त्यांनी एकदाही ते तोंडात घातलं नव्हतं.

त्या दिवशी तव्यापाशी काकू होत्या. छोटी थालिपीठं थापावीत तशी भराभर थापत होत्या. वर हिरव्या मिरचीचा ठेचा. "त्याशिवाय घशाखाली जायचं नाही," म्हणाल्या. आम्ही टेबलाशी बसलो. काकूंनी एक तुकडा मोडला, ठेच्यात बुडवला, डोळे मिटून खाल्ला. बराच वेळ चावत राहिल्या.

"काकू, कसं झालंय?" मी विचारलं.

"वाईट," त्या म्हणाल्या. "मला वाटायचंच वाईट असेल म्हणून." आणि त्यांनी आपल्या ताटात आणखी एक वाढून घेतलं.