डाव्या खिशाची कड

लिओटा ब्रेकीने घातलेला टाका उसवला, असं आमच्या कॉपर फोर्कमध्ये कुणी म्हटलं तर लोक त्याला वेड्यात काढतील. या खोऱ्यातल्या निम्म्या पुरुषांच्या जीन्सवर तिच्या हातचं कातडं आहे. जुन्या बुटाची नाहीतर हातमोज्याची दोन बोटं रुंद पट्टी, खिशाच्या कडेवर दुमडून दुहेरी दोऱ्याने शिवलेली. चाकू खिशाला अडकवायची क्लिप बरोबर तिच्यावर बसते. शिवून झालं की लिओटा खिशाला चाकू अडकवायची, जीन्स उलटी धरायची आणि ओलं कांबळं झटकावं तशी झटकायची. वीस वेळा. चाकू पडला की सगळं उसवून पुन्हा पहिल्यापासून.

नवीन माणसं हसायची. "म्हातारी खिसा शिवतेय की तिजोरी?" असं एकजण माझ्या दुकानात येऊन म्हणाला होता. त्याच्या घोड्याला नाल न ठोकता मी त्याला तसाच परत पाठवला. मी नालबंद आहे, माझं डोकं भट्टीशेजारी तापलेलंच असतं. पण त्या दिवशीच्या रागाचं कारण वेगळं होतं.

लिओटाचा नवरा हार्लन खेचरांचा तांडा हाकायचा. उन्हाळाभर डोंगरातल्या चौक्यांवर पीठ, कॉफी, खिळे, रॉकेल पोचवायचं. नऊ खेचरं एकामागे एक. दोन खेचरांच्या मधे मुद्दाम कच्ची सुतळी बांधायची, म्हणजे एक घसरलं तर सुतळी तुटते आणि बाकीची वाचतात. पण पहिल्या खेचराच्या आणि माणसाच्या मधे कच्ची सुतळी नसते. तो दोर चांगला जाड, खोगिराच्या खुंटीला एक वेढा देऊन माणसाच्या उजव्या हातात. तिथे सुतळीचं काम चाकूने करायचं, खेचर घसरलं की दोर कापायचा. उजवा हात दोरात गुंतलेला, म्हणून आमच्या तांडेवाल्यांचा चाकू डाव्या खिशात. घोड्यावर बसायच्या आधी डाव्या खिशावर एक थाप मारायची आणि निघायचं. चर्चमध्ये छातीवर हात जावा तसा तो हात जातो.

हार्लनचा चाकू नव्या पद्धतीचा होता. मुलीने, मारितने, त्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाला दिलेला. ओल्या हातातून निसटू नये म्हणून मूठ खरखरीत, आणि तिच्यावर घट्ट दाबून बसणारी क्लिप. चाकू नामी होता, पण खिशाचा वैरी. तो दिवसातून पन्नासदा निघायचा आणि पन्नासदा आत जायचा, आणि दर वेळी ती मूठ खिशाची कड कानशीसारखी घासायची. दोन महिन्यांत नव्या जीन्सला झालर लागायची.

लिओटाने आधी दुहेरी शिवण घातली. मग जीन्सचाच तुकडा लावला. मग कातडं. कातडं टिकलं, पण हार्लनची कुरकुर सुरू झाली.

"चाकू काढायला मला आता दोन माणसं लागतात," तो माझ्या दुकानात बसून म्हणाला. "एक खिसा धरायला, एक चाकू ओढायला."

"मग दोरी बांधून गळ्यात घाल. गाईच्या घंटेसारखा," त्याच्याबरोबर आलेली लिओटा म्हणाली. "या वर्षातली ही सहावी जीन्स. माझी बोटं बघ, चाळण झालीय नुसती."

"खिसा फाटला तर फाटू दे ना, बाई. खिशाकडे कोण बघतंय?"

"सगळं गाव बघतं. म्हणतात, ब्रेकीची बायको झोपा काढते काय?"

तिने कातडं उसवून टाकलं आणि साधी कड शिवून दिली. आणि दोन दिवसांनी, हार्लन अंघोळीला गेलेला असताना, चाकू घेऊन माझ्याकडे आली. "वेंडेल, क्लिपखालची मूठ तेवढी गुळगुळीत करून दे. आणि क्लिप जराशी सैल. त्याला सांगू नकोस, उगाच वाद घालत बसेल."

नाही म्हणायला हवं होतं. तीस वर्षं मी तांडेवाल्यांची जनावरं सांभाळत होतो, मला कळायला हवं होतं. पण फुकट शहाणपणा दाखवायची संधी मी आजवर कधी सोडलेली नाही. बारीक कानस घेतली, दोन मिनिटांत मूठ काचेसारखी केली, क्लिप पक्कडीत धरून केसभर उचलली. मग कापडावर घालून दाखवली. "बघ. आता तुझा खिसा शंभर वर्षं टिकेल."

तिने मला हकलबेरीच्या जॅमची बाटली दिली. मी ती तीन दिवसांत संपवली.

हार्लन त्या ऑगस्टच्या अकरा तारखेला गेला. खिंडीतल्या अरुंद वाटेवर पहिल्या खेचराचा पाय निसटला. मागची सुतळी ठरल्याप्रमाणे तुटली, आठ खेचरं वाटेवर उभी राहिली. पुढचा दोर मात्र हार्लनच्या मनगटाला आवळला. मागून दुसरा तांडा घेऊन येणारा गस ट्वाइट सगळं बघत होता. तो सांगायचा, "त्याचा डावा हात खिशाकडे गेला. एकदा, दोनदा, तीनदा. मग त्याने खाली वाकून खिशाकडे पाहिलं." त्यानंतर घोडा, माणूस, खेचर, सगळं खाली गेलं.

त्याला आणायला गेलेल्यांत मीही होतो. खिंडीच्या अलीकडे तीन मैलांवर एक ओढा आहे. तिथे हार्लनने जनावरांना पाणी पाजलं होतं, आणि वाकून एका खेचराचा पट्टा आवळला होता, असं गस म्हणाला. मी मुद्दाम सगळ्यांच्या मागे राहिलो. चाकू पाण्याच्या काठाला गोट्यांत पडलेला होता. मी तो उचलला, अंगठा क्लिपखाली नेला, आणि माझी कानस कुठून कुठे फिरली होती ते मला बोटाला कळलं. चाकू माझ्या खिशात गेला. कुणाला दाखवला नाही.

"चाकू मिळाला का रे?" लिओटाने दफनानंतर विचारलं.

"नाही. दरीत गेला असेल."

"हं," ती म्हणाली.

त्या वर्षी थंडी पडायच्या आत तिने तिच्या घराच्या पडवीत मशीन मांडलं, आणि तांडेवाल्यांच्या बायकांना निरोप धाडला की ज्यांच्या ज्यांच्या नवऱ्याकडे क्लिपचा चाकू आहे त्यांनी जीन्स घेऊन या. कातड्याची पट्टी अशी बेतायची की कापड घासणार नाही आणि चाकू सुटणारही नाही, हे तिने किती खिसे उसवून शोधलं ते तिलाच ठाऊक. एकोणीस वर्षं हेच चाललं. मी तिला बुटांचं जुनं कातडं आणून द्यायचो. आम्ही पडवीत कॉफी प्यायचो, पावसापाण्याचं बोलायचो, आणि मी दर वेळी ठरवून जायचो की आज सांगायचं. घरी येऊन स्वतःलाच शिव्या घालायचो. तिला कळलं तर ती मोडून पडेल, असं मी मनाला समजावत होतो. खरं म्हणजे मला भीती स्वतःसाठीच वाटत होती.

मागच्या महिन्यात तिची नजर पार गेली. मारित तिला स्पोकेनला आपल्या घरी न्यायला आली. सामान बांधून झालं तेव्हा लिओटाने मला बोलावून घेतलं, मारितला किराणा दुकानात पाठवलं आणि टेबलावर एक घडी केलेली जीन्स ठेवली.

"हार्लनची. त्याच दिवसाची. डावा खिसा चाचपून बघ."

गुडघे फाटलेले होते, कंबरेचा पट्टा तुटलेला होता. डाव्या खिशाची कड मात्र धड होती. एक धागासुद्धा निघालेला नव्हता.

"पडताना हिसका बसून चाकू गेला असता तर कड फाटली असती," ती म्हणाली. "तो आधीच निसटला होता. गुपचूप. धुवायला काढली त्या दिवशीच मला कळलं."

"एकोणीस वर्षं? मग बोलली का नाहीस?"

"तुझ्यासाठी. कानस तुझी होती. तू पिऊन पिऊन मेला असतास."

मी उठलो, रस्ता ओलांडून दुकानात गेलो, खिळ्यांच्या डब्याच्या तळातून चाकू काढला आणि तिच्या हातात ठेवला. तिने अंगठा क्लिपखाली नेला. बराच वेळ तो तिथेच फिरत राहिला.

"कुठे मिळाला?"

"ओढ्यापाशी."

"म्हणजे ओढ्यापासून खिंडीपर्यंत तीन मैल त्याला वाटत होतं, चाकू आहे," ती म्हणाली. "ओढ्यावरून पुन्हा घोड्यावर बसताना थाप मारायला विसरला असेल. सकाळी मारायचा, वाटेत मात्र नेहमी विसरायचा."

तिने चाचपडत चाकू त्या धड खिशाला अडकवला. जीन्स उलटी धरली आणि झटकली. एकदाच. चाकू फरशीवर पडला. आम्ही दोघंही तो उचलायला वाकलो नाही.

"खिसा फाटू द्यायला हवा होता आपण, वेंडेल," ती म्हणाली. "खिसा मला शिवता आला असता."