दोन अंगठ्यांचं मशीन

कुंभार पिंपळगावच्या धर्मराजचा उजवा अंगठा मळणी यंत्रानं नेला तेव्हा तो विशीत होता. गाव हळहळलं, पण ती हळहळ पुढच्या बाजारापर्यंतच टिकली. मग विळा धरता येईना, कासरा आवळता येईना, आणि गडी बिनकामाचा ठरला. गावानं त्याचं नाव थोटा ठेवलं. त्याची भावजय झुंबरबाई ताट सरकवताना म्हणायची, "खायला बराबर बसतो, कामाला मातर हात न्हाई." बाई तोंडाची फटकळ पण मनाची चांगली, असं अशा बायकांबद्दल बोलायची पद्धत आहे. झुंबरबाई मनाचीही चांगली नव्हती. तिला त्यात मजा यायची.

एके दिवशी ते ताट तसंच टाकून धर्मराज एसटीत बसला आणि जालन्याला आला. तिथल्या मस्तगड भागात बद्रीनाथ शेठचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. त्या दुकानात त्याला झाडलोटीचं काम मिळालं. दुकानात माणसाच्या छातीएवढ्या उभ्या पेट्या ओळीनं लावलेल्या. प्रत्येक पेटीला डावीकडं लाल बोंडाचा दांडा आणि उजवीकडं बटणं. एका रिकाम्या दुपारी धर्मराजनं डाव्या हातात दांडा धरला आणि उजव्या हाताची चार बोटं बटणांवर ठेवली. अंगठ्याला तिथं कामच नव्हतं. त्याच्या अंगठ्यावाचून ज्याचं अडत नाही असं यंत्र त्याला त्या दिवशी पहिल्यांदा भेटलं.

मग तो खेळतच सुटला. वर्षा-दोन वर्षांत त्याला हरवणारा माणूस जालन्यात उरला नाही. शेठ व्यवहाराचा पक्का. त्यानं झाडू काढून घेतला, पेटीपुढं एक उंच स्टूल दिलं आणि दारावर पाटी लावली की उस्तादाला हरवा आणि दिवसभर फुकट खेळा. मंठ्याहून, अंबडहून पोरं यायची आणि तोंड पाडून जायची. वडीगोद्रीचा रामकिसन, घरचं बियाण्याचं दुकान असलेला बाप्या, दर आठवड्याला मोटारसायकल उडवत यायचा, हरायचा आणि पेटीला लाथ घालून निघून जायचा. धर्मराजला सगळे उस्ताद म्हणायचे. चहावालाही त्याला आधी चहा द्यायचा. दहा वर्षं तो त्या स्टुलावर बसला. ते स्टूल म्हणजेच त्याचं घर, शेत आणि अब्रू होती. ते गेलं असतं तर मागं फक्त कुंभार पिंपळगावचा थोटा उरला असता, हे त्याला झोपेतसुद्धा ठाऊक होतं.

नवं शतक लागलं आणि जपानच्या नव्या मशीनची बातमी आली. शेठ औरंगाबादच्या व्यापाऱ्याकडून एक रंगीत कागद घेऊन आला. त्यावर एक काळंकुळकुळीत खोकं, उभं ठेवलेलं, वह्यांच्या गठ्ठ्याएवढं. शेठ वाचून दाखवायचा आणि धर्मराज कान देऊन ऐकायचा. ऐकता ऐकता त्याला त्या खोक्याचं वेडच लागलं. मग तो येईल त्याला धरून सांगायचा, "उभं ठेवा, आडवं ठेवा, चालतंय. पिच्चरची तबकडी घाला, पिच्चर दिसतो. जुन्या गेमच्या तबकड्या बी चालतेत. डाव अर्ध्यात सोडून गेलात तर इवल्याशा कार्डात ध्यानात ठिवतं, दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढं. आन् पडद्यावर मार बसला का न्हाई, हातातलं थरथरतं, खरं लागल्यावानी."

हातातलं म्हणजे नेमकं काय, हे त्याला कोणी विचारलं नाही आणि त्यानंही शेठला विचारलं नाही. त्याच्या डोळ्यांपुढं लाल बोंडाचा दांडाच थरथरत होता. बाकी चौकश्या मात्र त्यानं खोदून खोदून केल्या. लाईट कमी-जास्त झाली तर जळेल का, उन्हाळ्यात तापेल का, धूळ गेली तर काय. बैल घेताना दात बघावेत, खूर बघावेत, शेपटी उचलून बघावी आणि जुवाला खांदा दिला आहे का तेवढंच विचारायचं राहावं, तसं त्याचं झालं. दांड्याशिवाय खेळ असतो हे त्याच्या डोक्यातच येणं शक्य नव्हतं.

त्याच्या बोलण्यानं मस्तगडात हवा झाली. दुकानापुढं लोक थांबून विचारू लागले की उस्ताद, कधी येतंय. शेठ गल्ल्यावर बसून ऐकायचा आणि मिशीत हसायचा. धर्मराजला वाटायचं, शेठ खूश आहे.

मशीन आलं ते दसऱ्याच्या तोंडावर. खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते, आणि ज्या हातात हत्यार चालतं त्या हातानं ते आधी चालवायचं असा मान असतो. शेठनं सगळीकडं सांगून ठेवलं होतं की पहिला डाव उस्ताद खेळणार, समोर रामकिसन. दुकान भरलं, रस्ता भरला. धर्मराजला फेटा बांधला, नारळ दिला, शाल घातली. त्याचे डोळे भरून आले. गावातून कोणी यायला हवं होतं, झुंबरबाईनं तरी हे बघायला हवं होतं, असं त्याला वाटलं.

मग शेठनं खोक्यावर हळदकुंकू वाहिलं आणि वायरीला लोंबणारी एक वस्तू त्याच्या हातात दिली. ओंजळीत मावेल एवढी, खाली दोन शिंगं. वर दोन बुटकी बोंडं, एक डाव्या अंगठ्याला, एक उजव्या. बटणंही उजव्या अंगठ्याखाली.

धर्मराजनं ती उलटी करून पाहिली. "शेठ, दांडा कुठंय?"

"हाच दांडा. धर आन् खेळ."

रामकिसननं आपली वस्तू दोन्ही मुठीत धरली, अंगठे वर टेकवले आणि दात काढून हसला. डाव सुरू झाला. धर्मराजनं डावा अंगठा कसाबसा बसवला, उजवीकडं मात्र धरायलाच काही नव्हतं. तळव्यानं दाबून पाहिलं, हनुवटीनं दाबून पाहिलं. शेवटी ती वस्तू मांडीवर ठेवून तो चार बोटांनी बटणं चापटू लागला. पडद्यावरचा त्याचा पहिलवान भिंतीकडं तोंड करून उभा होता. रामकिसननं त्याला मागून हाणला.

हातातलं थरथरलं. वर्षभर ज्याचं कौतुक त्यानं जालनाभर सांगितलं होतं तेच हे थरथरणं. ती वस्तू मांडीवरून सरकली आणि फरशीवर पडून घुर्र घुर्र करत फिरू लागली. तो वाकून धरायला गेला तर फेटा सुटून डोळ्यांवर आला. लोक असे हसले की मागच्यांना पुढं काय झालं ते दिसलं नाही तरी तेही हसले. कोणीतरी ओरडलं, "उस्ताद, मशीन तुम्हाला भ्यालं." रामकिसननं डाव संपवला नाही. तो त्या पहिलवानाला सावकाश, आठवून आठवून मारत राहिला, आणि दर ठोशाला फरशीवरचं घुरघुरणं वाढलं की दुकान पुन्हा हसायचं. दहा वर्षांत हरून गेलेली तोंडं त्या गर्दीत होती. त्यांतलं एकही गप्प नव्हतं.

गर्दी ओसरल्यावर धर्मराज गल्ल्यापाशी आला. "शेठ, तुम्हाला ठाऊक न्हवतं का हे?"

"ठाऊक होतं की. औरंगाबादला हातात धरून पाह्यलं होतं मी."

"मंग मला सांगितलं का न्हाई?"

शेठ चिल्लर मांडत होता, त्यानं वरसुद्धा पाहिलं नाही. "सांगितलं असतं तर तू वरीसभर लोकं गोळा केली असती का?" मग चिल्लरीची चवड लावत म्हणाला, "आन् तुला हरवायचं सोडून दिल्तं लोकांनी. येणं बी कमी झाल्तं. आज बघ, कशी गर्दी."

पेट्या भंगारात गेल्या. उंच स्टूल रामकिसनच्या एका दोस्ताला मिळालं, आता तो तिथला खेळणारा. धर्मराजला शेठनं हाकललं नाही, कोणी दयाळू म्हणावं इतपत त्यानं केलं. दारात एक खुर्ची टाकली आणि म्हणाला, "तुला मशीनचं सांगता चांगलं येतंय. इथं बसून सांगत जा." धर्मराज दुसरीकडं कुठं जाणार होता? तो बसला. उभं ठेवा, आडवं ठेवा, पिच्चर दिसतो, डाव ध्यानात ठिवतं, हातातलं थरथरतं, हे तो सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ओरडायचा. जाणारी-येणारी पोरं त्याला मुद्दाम विचारायची, "कसं थरथरतं, काका?" तो सांगायचा.

पुढच्या उन्हाळ्यात घनसावंगीकडचा एक गडी दारात येऊन उभा राहिला. नाव भिवा, वय विशीचं. उजवा हात उपरण्यात गुंडाळलेला. म्हणाला, "इथं अंगठा नसलेले उस्ताद खेळतेत म्हणून ऐकलंय. त्यायला पाहायला आल्तो."

धर्मराजनं आपला हात मांडीखाली घातला. "कशाला पाह्यचंय?"

भिवानं उपरणं सोडलं. कडबा कुट्टीच्या यंत्रात त्याचा अर्धा पंजा गेला होता, जखम अजून तांबडी होती. "घरचे म्हणतेत, आता तुह्याच्यानं काय होणार न्हाई. म्हणलं, एकदा त्यायला बघून यावं. त्यायनं कसं केलं ते इचारावं."

धर्मराजनं तो हात नीट पाहिला. मग म्हणाला, "आसा कोणी इथं न्हवताच. लोकं फेकतेत. जा घरी, घरचे बराबर सांगतेत."

भिवा थोडा वेळ दुकानात डोकावत राहिला. आत दोन पोरं दोन्ही अंगठे नाचवत खेळत होती. त्यानं उपरणं परत हातावर गुंडाळलं आणि स्टँडकडं चालू लागला. तो वळणाआड जाईपर्यंत धर्मराज त्याच्या पाठीकडं बघत होता. दसऱ्यानंतर पहिल्यांदाच त्या दुपारी त्याला भाकर गोड लागली.